छायाचित्रांची विक्री : मिळकत किती आणि जबाबदारी किती?

स्मरणिकेचे काम हाती घेतले की पहिला प्रश्न मुखपृष्ठाचा येतो. परमपूज्य बाबासाहेबांचे कोणते छायाचित्र घ्यावयाचे? मग एखादा तरुण कार्यकर्ता खिशातून मोबाइल काढतो, गूगलवर शोधतो आणि दोन मिनिटांत पन्नास फोटो पुढे ठेवतो. त्यातला जो स्वच्छ छापून येईल तो प्रेसवाला निवडतो. हा फोटो मुळात कोणी काढला, त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आजवर आपल्यापैकी कोणी विचारलेला नाही. आम्हीही नाही.

वास्तविक यातील काही छायाचित्रांना मालक आहेत. १९४६ साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट भारतात आल्या होत्या. त्यांनी बाबासाहेबांची छायाचित्रे घेतली. 'लाइफ'चा छायाचित्रसंग्रह आज मोठ्या कंपन्यांमार्फत जगभर दिला जातो आणि पुस्तकात किंवा नियतकालिकात त्यातील चित्र छापावयाचे तर परवान्याचे शुल्क भरावे लागते. म्हणजे फोटो एकदा काढला, आणि पाऊणशे वर्षांनंतरही तो कमाई करतो आहे! हे वाचून आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात साहजिकच येईल की, मग आम्ही काढलेला फोटो का विकला जाऊ नये? विकला जातो. तो कसा विकला जातो, त्यातून खरोखर किती पैसे येतात आणि त्यात कोठे सावध राहावे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

या धंद्याला इंग्रजीत 'स्टॉक फोटोग्राफी' असे नाव आहे. स्टॉक म्हणजे दुकानात भरून ठेवलेला माल. लग्नाचा फोटोग्राफर आधी ऑर्डर घेतो आणि मग फोटो काढतो. स्टॉकवाला आधी फोटो काढून ठेवतो आणि गिऱ्हाइकाची वाट पाहतो. पाठ्यपुस्तकाला शेतकऱ्याचे चित्र हवे, वर्तमानपत्राला कांद्याच्या ढिगाचे हवे, बँकेला माहितीपत्रकासाठी हसऱ्या कुटुंबाचे हवे. ही गिऱ्हाइके प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवीत नाहीत, तयार संग्रहातून चित्र उचलतात. येथे फोटो विकला जातो असे आपण म्हणतो, परंतु विकला जातो तो केवळ वापरण्याचा परवाना. मालकी छायाचित्रकाराकडेच राहते, म्हणून एकच फोटो शंभर जणांना देता येतो. शेत न विकता दरसाल खंडाने द्यावे, तसेच हे.

हा व्यवहार नवा नाही. आपल्या अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ साली लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमण्यात आले. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ साली त्याची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बुद्धाच्या लेण्यांची चित्रे विलायतेत विकली गेली, तीही आपल्या पणजोबांच्या आधीच्या काळात. भारतात व्यवस्थित फोटो-संग्रहाचा धंदा बराच उशिरा आला. जगदीश अगरवाल यांनी १९८७ साली मुंबईत 'दिनोडिया' ही संस्था काढली. त्या काळी रंगीत पारदर्शिका कपाटात विषयवार लावून ठेवीत आणि कॅलेंडरवाले, जाहिरातवाले प्रत्यक्ष येऊन निवडून नेत. कड्यातल्या मुलाला तेथे शिरकाव मिळणे दुरापास्तच होते.

ते दार इंटरनेटने उघडले. २००० साली कॅनडात 'आयस्टॉकफोटो' निघाले. २००६ साली ते 'गेटी इमेजेस' कंपनीने ५ कोटी डॉलरला घेतले. २००३ साली जॉन ओरिंगर याने न्यूयॉर्कमध्ये 'शटरस्टॉक' सुरू केले, तेव्हा दुकानात माल म्हणून त्याने स्वतःचेच ३०,००० फोटो ठेवले होते. 'अडोबी' कंपनीने 'फोटोलिया' विकत घेऊन २०१५ साली 'अडोबी स्टॉक' काढले. इंग्लंडची 'अलामी' आहे. आपल्याकडे संदीप माहेश्वरी यांनी २००६ साली केवळ भारतीय चेहऱ्यांसाठी 'इमेजेसबझार' उभारले. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याची घोषणा केली. म्हणजे दुकाने मोठी होत चालली आहेत, आणि दुकान मोठे झाले की माल देणाऱ्याचा भाव कमी होतो हे कांदा मार्केटला गोणी घेऊन जाणाऱ्यास आम्ही सांगायला नको.

आता पैशाकडे वळू, कारण विद्यार्थी आमच्याकडे येतात ते पैशाचे विचारण्यासाठीच. आम्ही बँकेच्या खिडकीत बसणारे असल्याने कोणी 'घरबसल्या महिना पन्नास हजार' म्हटले की आमचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतील ३३ टक्के छायाचित्रकाराला देते. बहुतेक गिऱ्हाईक महिन्याची वर्गणी भरून फोटो घेते, त्यामुळे एका फोटोमागे हातात येतात साधारण ३३ सेंट. आपल्या पैशात अठ्ठावीस-तीस रुपये. शटरस्टॉकने जून २०२० मध्ये पद्धत बदलली. छायाचित्रकाराचा हिस्सा १५ टक्क्यांपासून सुरू होतो आणि विक्री वाढेल तसा ४० टक्क्यांपर्यंत चढतो. परंतु दर १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. एका फोटोमागे कमीत कमी १० सेंट, म्हणजे नऊ रुपयांच्या आसपास. त्या वेळी जगभरातील अनेक छायाचित्रकारांनी निषेध म्हणून आपले फोटो काढून घेतले होते. कंपनी मागे हटली नाही.

अडोबीकडे खात्यावर २५ डॉलर जमल्याशिवाय रक्कम काढता येत नाही. ३३ सेंटने भागल्यास ७६ विक्री झाल्या पाहिजेत. आमच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी मोबाइलवरच हे काम सुरू केले. पहिल्या सहा महिन्यांत त्याने पाठविलेल्या फोटोंपैकी निम्मे परत आले. वर्षअखेरीस खात्यात दिसत होते १९ डॉलर आणि काही सेंट. दिसत होते, हातात नव्हते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पहिली रक्कम बँकेत आली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि पेढ्यांनीच त्यातील बराच हिस्सा खाल्ला. परंतु त्यानंतर पैसे येणे थांबले नाही, हेही खरे. थोडे थोडे येतात. परीक्षेच्या दिवसांत त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही तरी जुने फोटो विकले जात होते. वही-पुस्तके, परीक्षा शुल्क, एस.टी.चा पास एवढे त्यातून निघते. एवढेच अपेक्षावे. संसार चालविण्याचे साधन म्हणून याकडे पाहू नये.

म्हणूनच आमचे स्पष्ट सांगणे आहे की, कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. साठ हजारांचा कॅमेरा चोवीस हप्त्यांवर घेतला तर व्याज सोडूनच महिन्याला २,५०० रुपये होतात. तीस रुपयांप्रमाणे दरमहा ८४ फोटो विकले गेले तर नुसते मुद्दल फिटेल. नवख्याचे तेवढे विकले जात नाहीत. या कंपन्यांना चार मेगापिक्सेलचा फोटो चालतो आणि ती क्षमता आज साध्या मोबाइलातही असते. उजेड चांगला असेल आणि हात स्थिर असेल तर मोबाइलवर काम भागते.

दुसरी गोष्ट, नोंदणीसाठी कोणी पैसे मागितले तर तेथून उठावे. वर ज्या परदेशी कंपन्या सांगितल्या त्या फोटो देणाऱ्याकडून प्रवेश फी घेत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका मुलाकडून शहरातील एका क्लासवाल्याने 'खात्रीची विक्री' म्हणून नऊ हजार रुपये घेतले आणि शिकविले काय, तर नोंदणीचा अर्ज कसा भरावा! तो अर्ज भरण्यास अर्धा तास लागतो. वय मात्र १८ पूर्ण हवे.

पैसे येण्याच्या वाटेवर मुले नेहमी अडखळतात ती नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनकार्डावर वडिलांचे नाव मध्येच गळालेले! येथे पॅन, बँक खाते आणि कंपनीकडील नाव तंतोतंत एक पाहिजे. आधी नावे दुरुस्त करून घ्यावीत, मगच नोंदणी करावी. परदेशातील रक्कम पेपाल किंवा पेओनीअर यांच्यामार्फत आपल्या खात्यात जमा होते. त्या वेळी पैसे कशाबद्दल आले याचा ठरावीक सांकेतिक क्रमांक निवडावा लागतो. तो घाईने कोणताही निवडू नये. मित्राच्या खात्यावर रक्कम मागवू नये. पुढे चौकशी झाली तर दोघेही अडकतात. अमेरिकन कंपन्या 'डब्ल्यू-८ बेन' नावाचा एक कर-अर्ज भरून घेतात. तो न भरल्यास अमेरिकेतील विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो. पॅन देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितल्यास १५ टक्के. एवढ्याशा कागदाने निम्मा कर वाचतो. येथील प्राप्तिकराच्या विवरणपत्रातही हे उत्पन्न दाखवावयाचे असते, रक्कम लहान असली तरी.

आता फोटो कशाचे काढावेत? सूर्यास्त, गुलाब, मांजर यांचे लाखो फोटो आधीच पडून आहेत. त्यात भर घालून उपयोग नाही. परंतु ज्वारीच्या कणसावर बसलेली पाखरे, कडब्याची गंज, कांद्याची अरण, टँकरभोवती लागलेली घागरींची रांग, ऊसतोडीला निघालेली टायरगाडी, नदीच्या कोरड्या पात्रातला झिरा, हे बोस्टनमधल्या माणसाला काढता येणार नाही आणि मुंबईतल्यालाही सहज नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली. पिढ्यान्पिढ्या ज्या गाडीची वाट पाहिली ती आपल्या कड्यावरून गेली, तेव्हा अनेकांनी फोटो काढले आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवून विसरले. तोच फोटो नीट काढून, तारीख-ठिकाण लिहून ठेवला असता तर पुढे मराठवाड्याच्या रेल्वेवर लिहिणाऱ्याला तो कधीतरी लागलाच असता.

फोटो परत येण्याची कारणे साधी असतात. चित्र अस्पष्ट, अंधारात काढल्याने दाणेदार, एकाच दृश्याचे दहा नमुने. आणि एक कारण आपल्या मुलांच्या ध्यानातच येत नाही, ते म्हणजे कंपनीचे नाव. खताच्या गोणीवरील छाप, ट्रॅक्टरवरील अक्षरे, टोपीवरील चिन्ह दिसले की तो फोटो जाहिरातीच्या वापरासाठी घेतला जात नाही.

फोटोसोबत इंग्रजीत मथळा आणि शोध-शब्द द्यावे लागतात, शटरस्टॉकवर पन्नासपर्यंत. गिऱ्हाईक शब्द टाकून शोधते. शब्द चुकला तर फोटो कपाटामागे पडलेल्या पावतीसारखा कधीच सापडत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना 'तुमचा काय उपयोग' असे टोमणे ऐकावे लागतात (आम्हीही ऐकले आहेत!), त्यांचा उपयोग येथे आहे. भाकरीला नुसते 'ब्रेड' लिहिणारा आणि ज्वारी, चूल, मराठवाडा, ग्रामीण स्वयंपाक असे सगळे नीट इंग्रजीत मांडणारा, यांच्या विक्रीत फरक पडतो.

परंतु शब्दांचे महत्त्व केवळ विक्रीपुरते नाही. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर अभिवादनासाठी जमलेल्या अनुयायांच्या एका फोटोखाली 'उत्सव' असा शब्द आम्ही स्वतः पाहिला आहे. दुःखाच्या दिवसाला उत्सव! लिहिणाऱ्याच्या मनात वाईट असेल असे नाही. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. पण तो फोटो ज्या पुस्तकात जाईल तेथे ती चूकही जाणार. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला तो याचसाठी, की आपल्याविषयी दुसऱ्याने लिहावे आणि आपण वाचावे ही स्थिती बदलावी. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला आपली मुले जातातच. अशा प्रसंगांचे फोटो 'एडिटोरियल' म्हणजे वृत्त-वापर या वर्गात घेतले जातात. त्यात जमावातील प्रत्येकाची लेखी संमती लागत नाही, पण ठिकाण, देश, तारीख आणि प्रसंग खरा व अचूक लिहावा लागतो. ते लिहिणारा आपला असेल तर 'अभिवादन' हा शब्द जागेवर राहील.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. परंतु कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला, जसे लग्नात, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. तेव्हा स्टुडिओत कामाला असणाऱ्या मुलांनी तेथील नवरा-नवरीचे फोटो परस्पर चढवू नयेत. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढून प्रसिद्ध करण्यास मात्र आपल्या कायद्यात मुभा आहे. परदेशी कंपन्यांचे नियम याहून कडक असू शकतात, ते त्या त्या ठिकाणी वाचावेत.

ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो जाहिरातीच्या वापरासाठी द्यावयाचा तर त्या व्यक्तीची सही असलेले संमतीपत्र लागते, 'मॉडेल रिलीज' म्हणतात ते. येथे आमच्या घरात घडलेली गोष्ट सांगतो. पुतण्याने आमच्या मावशीचा चुलीपुढे भाकरी थापतानाचा फोटो काढला. चेहऱ्यावर जाळाचा उजेड, सुरकुत्या, कपाळावर गोंदण. फोटो खरोखर उत्तम होता. मावशीने उभी हयात ऊसतोडीत काढलेली. कागद इंग्रजी होता आणि आम्ही शाईचा पॅड पुढे केला. बँकेत रोज दहा अंगठे घेतो, त्यातलाच हा अकरावा, अशा सहजतेने. मावशीने हात मागे घेतला.

"मपला फोटू इकायचा म्हन्तोस. घेनारा त्याचं काय करील?"

आम्ही म्हणालो, "कुठंबी छापील, मावशे. पुस्तकात, जाहिरातीत."

"कशाच्या जाहिरातीत?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कागदावर लिहिलेले होते की, कोणत्याही कारणासाठी, कोठेही, कायमचे. अपमानकारक वापर करू नये अशी अट गिऱ्हाइकाच्या परवान्यात असते, हे खरे. पण हजारो कोसांवरचा माणूस ती पाळतो की नाही हे कड्यात बसून कोण पाहणार?

मावशी म्हणाली, "फडावर बी यायचे फोटूवाले. पाचटात बसून लेकराला पाजत व्हते, तवा एकानं काढला. इचारलं न्हाई. कुठं छापला, खाली काय लिवलं, आजवर ठावं न्हाई."

त्या लेकरात आणि आमच्यात वयाचे फार अंतर नाही. आम्ही पॅड मिटवून ठेवला. पुढे मावशीनेच तोड काढली: हातांचा काढा, तोंडाचा नको. तो फोटो पहिल्यांदा परत आला, कारण चुलीपाशी धूर आणि अंधार. मग सकाळी अंगणात चूल मांडून पुन्हा काढला. तो घेतला गेला आणि अधूनमधून विकला जातो. त्याचे पैसे मावशीच्या हातावर ठेवण्याचा नियम पुतण्याने स्वतःच घालून घेतला आहे, साठ असोत वा नव्वद.

भगवंतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांबरोबर प्राणिमात्रांचा व्यापारही आहे. फोटो म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हास कळते. तरीही न विचारता घेतलेला उपाशी पोराचा चेहरा, खाली 'गरिबी' हा शब्द आणि वर नऊ रुपये, हा हिशेब सम्यक आजीविकेत कसा बसवावा हे आम्हास उमगलेले नाही. श्रमिकांचे फोटो काढूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले, त्यामुळे जे कोणी पाहत नव्हते ते लोकांना पाहावे लागले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते त्या कामगारांमध्ये गेले, राहिले, मग फोटो काढले. गाडीची काच खाली करून काढलेला फोटो आणि हा फोटो यांत फरक आहे.

अलीकडे एक नवे संकट आले आहे. शब्द लिहिला की संगणकच चित्र तयार करून देतो. गेटीने सप्टेंबर २०२२ मध्ये अशी चित्रे घेण्यास मनाई केली. अडोबीने त्याच वर्षाअखेर, तसे स्पष्ट नमूद करण्याच्या अटीवर, घेण्यास सुरुवात केली. गुलाब आणि सूर्यास्ताचा बाजार यामुळे आणखी बसणार. संगणकाने काढलेली 'भारतीय खेडूत स्त्री' आम्ही पाहिली. भाकरी थापते आहे, परात पितळी, नऊवारी कोरी करकरीत, आणि हाताला सहा बोटे! हसू आले. पण बोटे उद्या पाच होतील. भीमा कोरेगावचा १ जानेवारी, कड्याचा बाजार, आपल्या विहारातील वर्षावास ही मात्र घडलेली गोष्ट आहे, आणि घडलेल्या गोष्टीचा फोटो तेथे उभे राहूनच काढावा लागतो.

संस्थेच्या जुन्या कार्यक्रमांचे फोटो अनेक घरांत पेटीत पडून आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी मागे काढणाऱ्याचे नाव, साल आणि प्रसंग लिहून ते विहारात पाहण्यास आणावेत. मूळ प्रत परत केली जाईल. संमतीपत्राचा इंग्रजी नमुना आणि त्यातील प्रत्येक ओळ मराठीत समजावून सांगणारा कागद आम्ही तयार केला आहे. तो दर रविवारी वंदनेनंतर विहारात मिळेल. सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा.